बंद कारखान्याची दूषित जमीन : शुद्धीकरणाचा खर्च कोणी सोसावा?

जमिनीचे बहुतेक रोग शेतकऱ्याच्या ओळखीचे आहेत. जमीन धुपू लागली, तर ताली व बांध घालून ती राखता येते. ती चोपण झाली, तर जिप्सम घालून व चर काढून सुधारता येते. कस उतरला, तर शेणखत, कंपोस्ट व हिरवळीचे खत यांच्या योगे तो पुन्हा आणता येतो. या सर्व कामांना पैसा व श्रम लागत असले, तरी ती एका कुटुंबाच्या किंवा एका गावाच्या आवाक्यातील असतात. परंतु जमिनीचा एक रोग असा आहे की, तो शेतकऱ्याच्या चुकीने होत नाही आणि शेतकऱ्याच्या पैशाने बराही होत नाही. रासायनिक कारखान्यातून निघालेला विषारी गाळ व सांडपाणी जमिनीत मुरल्यामुळे होणारे प्रदूषण हा तो रोग होय.

कारखाना चालू असतो तोवर दाद कोणाकडे मागावी, हे निदान ठाऊक असते. तो बंद पडला, यंत्रे विकली गेली आणि मालक निघून गेले म्हणजे मागे उरतो तो गाळाचा ढीग आणि रंग बदललेली विहीर. अशा जमिनीचे शुद्धीकरण कोणी करावे, त्यासाठी पैसा कोठून यावा आणि तो पैसा आपल्या शिवारापर्यंत पोहोचावा म्हणून गावाने काय करावे, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे. ग्रामकार्यकर्त्यांनी तो ग्रामसभेत वाचून दाखवावा व त्यावर चर्चा घडवून आणावी.

१. बिछडी गावाची हकीकत

राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात बिछडी नावाचे गाव आहे. १९८७ च्या सुमारास या गावाच्या परिसरात एका उद्योगसमूहाने रासायनिक कारखाने काढले. त्यांपैकी दोन कारखान्यांत १९८८ पासून ‘एच-ॲसिड’ हा पदार्थ तयार होऊ लागला. कापडाचे रंग बनविण्यासाठी तो लागतो. बिछडीत तयार होणारा सर्व माल परदेशी पाठविण्यासाठी होता. माल परदेशी गेला; त्याचा गाळ मात्र गावात राहिला.

या पदार्थाचा गुण असा की, माल थोडा निघतो आणि घाण पुष्कळ निघते. न्यायालयापुढे आलेल्या माहितीनुसार सुमारे ३७५ टन एच-ॲसिड तयार करताना सुमारे ८,२५० घनमीटर विषारी सांडपाणी आणि सुमारे २,४४० टन गाळ निघाला. म्हणजे एक टन मालामागे साडेसहा टन गाळ पडला. सांडपाण्यावर प्रक्रिया न करता ते उघड्यावर सोडण्यात आले आणि गाळ कारखान्याच्या आवारात व आसपास टाकण्यात आला. पावसाच्या पाण्याबरोबर हे विष खाली मुरले व भूजलाला जाऊन मिळाले. विहिरींचे पाणी काळपट झाले. ते माणसांना पिण्याजोगे राहिले नाही, जनावरांना पाजण्याजोगे राहिले नाही आणि पिकांना देण्याजोगेही राहिले नाही.

गावकऱ्यांच्या सहनशक्तीचा अंत झाला. त्यांनी इतका उठाव केला की, सरकारला जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. जानेवारी १९८९ मध्ये एच-ॲसिडचे उत्पादन थांबले. म्हणजे ज्या उत्पादनाने हा अनर्थ केला ते जेमतेम एक वर्ष चालले होते. त्याच वर्षी एका पर्यावरणविषयक संस्थेने सर्वोच्च न्यायालयात अर्ज दाखल केला.

पुढे नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजेच ‘नीरी’ने, जागेची शास्त्रीय पाहणी केली. सुमारे ३५० हेक्टर क्षेत्र दूषित झाल्याचे तिला आढळून आले. गाळाचा काही भागच साठवून ठेवण्यात आला होता. उरलेला गाळ आसपासच्या जमिनीवर पसरून त्यावर माती लोटण्यात आली होती. वरून पाहणाऱ्यास ती साधी जमीन वाटावी, परंतु दर पावसाळ्यात तिच्यातून विष खाली झिरपावे, अशी ती स्थिती होती.

२. उत्पादन थांबले, तरी विष का थांबत नाही?

कारखान्याचे दार बंद झाले म्हणजे संकट टळले, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. धुराड्यातून धूर निघणे बंद होते, परंतु जमिनीवर पडलेला गाळ आपले काम चालूच ठेवतो. शेणखताचा ढीग उघड्यावर राहिला, तर पावसाने त्यातील सत्त्व झिरपून जाते, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. विषारी गाळाच्या ढिगाचेही तसेच होते. फरक एवढाच की, येथे जे झिरपते ते विहिरीत जाऊन साठते.

शिवाय काही विषे कुजून नाहीशी होत नाहीत. शिसे, पारा, कॅडमियम व क्रोमियम हे धातू जमिनीत वर्षानुवर्षे राहतात. तमिळनाडूतील राणीपेट येथे क्रोमियमची लवणे बनविणारा एक कारखाना १९९५ च्या सुमारास बंद झाला. त्याच्या आवारात लाखाहून अधिक टन क्रोमियमयुक्त गाळ तसाच पडून राहिला आणि भूजलात विष सोडीत राहिला. बंद कारखाना म्हणजे निर्धोक कारखाना नव्हे. उलट, चालू कारखान्यावर निदान निरीक्षकाची फेरी होते. बंद कारखान्याकडे फिरकण्याचे कोणास कारण उरत नाही.

३. शुद्धीकरणास एवढा खर्च का येतो?

बिछडीच्या जमिनीच्या व पाण्याच्या शुद्धीकरणासाठी ३७.३८५ कोटी रुपये लागतील, असा अंदाज करण्यात आला. ३५० हेक्टरांवर हा खर्च विभागला, तर तो दर हेक्टरी सुमारे १० लाख ६८ हजार रुपये पडतो. हा नव्वदीच्या दशकातील हिशेब आहे. कोरडवाहू जमीन कसणाऱ्या कुटुंबाने एवढी रक्कम कोठून आणावी?

खर्च एवढा येण्याची कारणे समजून घेतली पाहिजेत. पहिले काम तपासणीचे असते. विष किती खोल गेले, कोणत्या दिशेस पसरले, हे कळण्यासाठी ठिकठिकाणी भोके पाडून माती व पाणी यांचे नमुने घ्यावे लागतात. दुसरे काम मूळ ढीग हलविण्याचे. तो उचलून खाली व बाजूंना अभेद्य थर असलेल्या सुरक्षित खड्ड्यात पुरावा लागतो, किंवा हलविणे शक्य नसेल तर त्यावर चिकणमातीचे व इतर थर देऊन पावसाचे पाणी आत जाणे बंद करावे लागते. तिसरे काम मातीचे. काही विषे धुऊन काढता येतात, काही जिवाणूंच्या साहाय्याने विघटित करता येतात. क्रोमियमचे अत्यंत विषारी रूप फेरस सल्फेटसारख्या द्रव्याच्या योगे कमी विषारी रूपात आणता येते. चौथे काम भूजलाचे व ते सर्वांत चिवट असते. दूषित पाणी उपसावयाचे, त्यावर प्रक्रिया करावयाची व पुन्हा तपासावयाचे, हा क्रम अनेक वर्षे चालवावा लागतो.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, हे काम कोणा एकट्या शेतकऱ्याचे नाही. दुसरी, जितका उशीर होईल तितके विष खोल जाते आणि खर्च वाढतो. ढीग जमिनीवर असतानाच उचलला, तर खर्च केवळ उचलण्याचा असतो. तो पाण्यात उतरला, म्हणजे खर्च पिढीच्या हिशेबाने करावा लागतो.

४. पहिले तत्त्व : जो दूषित करील, तो भरील

बिछडी प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी १९९६ रोजी निकाल दिला. मुळातच धोकादायक असा उद्योग जो करतो, त्याने काळजी घेतली होती की नव्हती, हा प्रश्न गौण आहे. त्याच्या उद्योगाने जी हानी झाली ती त्याने भरून दिलीच पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले. या हानीत केवळ माणसांचे नुकसान येत नाही. बिघडलेली जमीन व पाणी पूर्ववत करण्याचा खर्चही तिच्यात येतो. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये केंद्र सरकारने हा खर्च ठरवावा व संबंधित कारखान्यांकडून वसूल करावा, असा आदेश देण्यात आला आणि कारखान्यांची मालमत्ता जप्त करण्यात आली.

येथे ग्रामकार्यकर्त्यांनी एक भेद नीट ध्यानात घ्यावा. शुद्धीकरणाचा खर्च वेगळा आणि शेतकऱ्यास मिळावयाची नुकसानभरपाई वेगळी. बुडालेली पिके, मेलेली जनावरे व निकामी विहिरी यांच्या भरपाईसाठी गावकऱ्यांना दिवाणी न्यायालयात दावे करण्याची मोकळीक ठेवण्यात आली. न्यायालयीन शुल्क भरण्याची ऐपत नसल्यामुळे त्यांनी ते माफ करून मागितले, तर राजस्थान सरकारने हरकत घेऊ नये, असेही सांगण्यात आले. दावा म्हटला की पुरावा आला. ज्यांनी पिकाच्या, पाण्याच्या व जनावरांच्या नोंदी ठेवल्या असतील त्यांनाच तो देता येतो.

तत्त्व ठरले, परंतु पैसा आला नाही. प्रतिपक्षाने अर्जामागून अर्ज केले. १८ जुलै २०११ रोजी न्यायालयाने पुन्हा आदेश देऊन ३७.३८५ कोटी रुपये, ४ नोव्हेंबर १९९७ पासून दरसाल १२ टक्के चक्रवाढ व्याजासह, भरण्यास सांगितले. न भरल्यास ती रक्कम जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करावी, असेही फर्माविले. या दराने तेवढ्या काळात मूळ रक्कम साडेचार पटींहून अधिक होते. उशीर करणाऱ्यास उशिराचा लाभ मिळू नये, हा त्यामागील हेतू होता. तथापि, १९८८ मध्ये विहीर नासली त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहू गेल्यास, त्याच्या घरी जन्मलेले मूल २०११ पर्यंत कर्ते झाले होते. पहिले तत्त्व न्याय्य आहे, पण एकटे पुरेसे नाही, ते यामुळेच.

५. दुसरे तत्त्व : काम वसुलीसाठी खोळंबू नये

गावास आग लागली, तर ती कोणी लावली याचा तपास पूर्ण होईपर्यंत कोणी पाण्याची घागर हातात धरून बसत नाही. आग आधी विझविली जाते व जाब मागाहून विचारला जातो. दूषित जमिनीच्या बाबतीत ही घागर म्हणजे सार्वजनिक निधी होय.

अशा निधीचा सर्वांत प्रसिद्ध दाखला अमेरिकेतील आहे. न्यूयॉर्क राज्यात नायगारा फॉल्स या शहरी ‘लव्ह कॅनॉल’ नावाचा एक अर्धवट खोदलेला कालवा होता. १९४२ ते १९५३ या काळात एका रासायनिक कंपनीने त्यात २१,००० टनांहून अधिक रासायनिक कचरा टाकला व वर माती घातली. १९५३ मध्ये ही जागा तेथील शाळा मंडळास केवळ एका डॉलरला देण्यात आली. खरेदीखतात रसायनांचा उल्लेख होता आणि पुढील अपायाची जबाबदारी कंपनीवर राहणार नाही, असेही नमूद होते. त्या जागेवर शाळा उभी राहिली व आसपास घरे झाली. १९७० नंतरच्या दशकात अतिवृष्टी व बर्फ यांमुळे भूजल वर आले आणि तळघरांत व अंगणांत रसायने दिसू लागली. ऑगस्ट १९७८ मध्ये तेथे आणीबाणी जाहीर झाली. अखेरीस सुमारे ९५० कुटुंबांना घरे सोडावी लागली.

या प्रकरणाने जागे होऊन अमेरिकेने ११ डिसेंबर १९८० रोजी एक कायदा केला. त्यान्वये पाच वर्षांत १६० कोटी डॉलरचा निधी उभारण्याचे ठरले व त्याचा मोठा भाग कच्चे तेल आणि ठरावीक रसायने यांवरील कराने जमविण्यात आला. ज्या धंद्यामुळे असे विष निर्माण होते, त्या सर्व धंद्यानेच ते काढण्याची तजवीज आगाऊ करावी, हा या करामागील विचार होय. दोषी सापडला, तर त्याच्याकडून काम करवून घ्यावयाचे किंवा खर्च वसूल करावयाचा. तो सापडला नाही किंवा बुडीत निघाला, तर निधीतून काम करावयाचे व बांधकामाच्या खर्चाचा दहावा हिस्सा संबंधित राज्याने द्यावयाचा, अशी व्यवस्था झाली.

निधी कोठे आधी वापरावा, यासाठी धोक्याच्या मानाने जागांची राष्ट्रीय यादी करण्यात आली. १९८३ मधील पहिल्या यादीत ४०६ जागा होत्या. जी जागा यादीत नाही तिला दीर्घकालीन शुद्धीकरणासाठी निधी मिळत नाही. लव्ह कॅनॉलची जागा या यादीत होती. तेथे कचऱ्यावर चिकणमातीचे आच्छादन घालून व झिरपणारे पाणी गोळा करून शुद्ध करण्याची व्यवस्था झाल्यावर, २००४ मध्ये तिचे नाव यादीतून काढण्यात आले. म्हणजे कायद्यानंतरही चोवीस वर्षे लागली.

या निधीच्या इतिहासातून आणखी एक धडा मिळतो. १९९५ मध्ये करांची मुदत संपली व ती वाढविण्यात आली नाही. साठलेला पैसा काही वर्षांत संपला आणि खर्चाचा भार सर्वसाधारण करदात्यावर आला. पुढे २०२१ व २०२२ मधील कायद्यांनी हे कर पुन्हा बसविण्यात आले. निधी म्हणजे विहीर होय. झरे चालू राहिले तरच तिचा उपसा टिकतो.

६. आपल्या देशातील व्यवस्था

आपल्या देशात दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम पुष्कळ काळ नव्हते. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखाली दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. ग्रामकार्यकर्त्यांच्या कामाशी संबंध येतो तेवढा त्यांचा आशय पुढे दिला आहे.

(अ) आरंभ गावातून होतो. स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने आपण होऊन अथवा लोकांच्या तक्रारीवरून आपल्या हद्दीतील संशयित दूषित जागांची नोंद करावयाची आहे व तिचा सहामाही अहवाल द्यावयाचा आहे.

(आ) अशी नोंद आल्यावर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने किंवा त्याने नेमलेल्या तज्ज्ञ संस्थेने ९० दिवसांत प्राथमिक पाहणी करावयाची असते. संशय बळावल्यास त्यापुढील ९० दिवसांत सविस्तर तपासणी होते. विषारी द्रव्ये ठरावीक मर्यादेहून अधिक आढळली, तर जागा ‘दूषित’ म्हणून जाहीर होते व तेथील वावरावर निर्बंध येतात.

(इ) त्यानंतर तज्ज्ञ संस्थेने शुद्धीकरणाची योजना तयार करावयाची आणि मंडळाने जबाबदार व्यक्तींचा शोध घ्यावयाचा. जबाबदार ठरेल त्याने खर्च सोसावयाचा. त्याचा पत्ताच लागला नाही किंवा त्याला खर्च झेपण्याजोगा नसला, तर खर्चाची व्यवस्था केंद्र व राज्य सरकारांनी करावयाची आहे.

(ई) खाणकाम, किरणोत्सारी कचरा, समुद्रातील तेलगळती व गावा-शहरांच्या साध्या कचऱ्याचे डेपो यांना सामान्यतः हे नियम लागू नाहीत. त्यांसाठी अन्य कायदे आहेत.

या नियमांची मर्यादाही सांगितली पाहिजे. पाहणीची मुदत त्यांत दिली आहे, पण जागा दूषित ठरल्यावर प्रत्यक्ष शुद्धीकरण कधी पुरे व्हावे याची मुदत दिलेली नाही. नियम निघाले त्या वेळी देशात १०३ दूषित जागा ओळखण्यात आल्या होत्या आणि त्यांपैकी केवळ ७ जागी शुद्धीकरणाचे काम सुरू झाल्याचे प्रसिद्ध झाले होते. पैसा मर्यादित आणि जागा अनेक असल्यावर, ज्या गावाची नोंद आधी व पक्की असेल त्याची बाजू बळकट होते, हे उघड आहे.

७. गावाने करावयाची नोंद

संशय आल्याबरोबर पुढीलप्रमाणे एक वही घालावी :

(१) जागेचा गट क्रमांक, क्षेत्र व सात-बारावरील नाव. गावनकाशाच्या प्रतीवर जागा खुणेने दाखवावी.

(२) कारखान्याचे नाव, तो काय बनवीत असे, सुरू केव्हा झाला व बंद केव्हा पडला.

(३) गाळ किंवा पिंपे कोठे पडली आहेत. ढिगाची लांबी, रुंदी व उंची. रंग व वास. माप दुरून व वाऱ्याच्या बाजूस उभे राहून अंदाजाने घ्यावे. ढिगावर चढू नये.

(४) जमिनीचा उतार कोणीकडे आहे. ओढा, तलाव व विहिरी किती अंतरावर आहेत.

(५) प्रत्येक विहिरीच्या पाण्याचा रंग, वास व फेस यांची तारीखवार नोंद. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर ती अवश्य करावी.

(६) पिके जळणे, उगवण न होणे, जनावरे आजारी पडणे अथवा दगावणे यांची नोंद. जनावरांच्या बाबतीत पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला घ्यावा.

(७) कारखान्यात पूर्वी काम केलेल्या गावकऱ्यांचे जबाब. गाळ कोठे पुरला, कोणत्या खड्ड्यात पिंपे लोटली, हे कागदांत क्वचितच सापडते. जुन्या कामगारांना ते ठाऊक असते. हे लोक थकण्यापूर्वी त्यांची माहिती लिहून घ्यावी.

ही नोंद ग्रामसभेपुढे वाचून ठराव करावा आणि ठरावाची प्रत जिल्हाधिकारी कार्यालय व प्रदूषण नियंत्रण मंडळाचे विभागीय कार्यालय यांजकडे पाठवून पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज हा न केलेल्या अर्जासारखाच होय. नव्वद दिवसांची मुदत मोजावयाची, तर पोचेवरील तारीख हवी.

नमुन्यांविषयी एक सूचना. मृद्-आरोग्य पत्रिकेसाठी होणाऱ्या तपासणीत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक व सूक्ष्मद्रव्ये पाहिली जातात. तीत शिसे, क्रोमियम किंवा रंगोत्पादनातील विषे कळत नाहीत. म्हणून पत्रिका चांगली आली, एवढ्यावरून जमीन निर्विष समजू नये. कोणता कारखाना होता हे कळवून त्याप्रमाणे विशेष तपासणी मागावी.

८. काय करू नये?

संशयित जमिनीत चोपण जमिनीचे उपाय करू नयेत. चोपण जमिनीत पाणी भरून क्षार खाली धुऊन काढणे योग्य असते. येथे तसे केल्यास विष अधिक वेगाने भूजलात उतरते.

कारखान्यातील पांढरट गाळ ‘जिप्सम’ म्हणून किंवा काळा गाळ ‘खत’ म्हणून फुकट मिळाला, तरी शेतात घालू नये. बिछडीच्या गाळातही जिप्समयुक्त गाळ होताच. तपासणीचा दाखला नसलेला गाळ बांधाच्या आत येऊ देऊ नये.

बंद कारखान्यातील पिंपे पाणी अथवा धान्य साठविण्यासाठी आणू नयेत. तेथील माती भरावासाठी किंवा घराच्या जोत्यासाठी उचलू नये. आवारात गुरे सोडू नयेत व मुलांना खेळू देऊ नये.

रंग अथवा वास बदललेले पाणी चव घेऊन पारखू नये. पाणी उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण वाढते. अशा विहिरीचे पाणी पिणे, गुरांना पाजणे व भाजीपाल्यास देणे तपासणी होईपर्यंत बंद ठेवावे, आणि पर्यायी पाण्याची मागणी त्याच ठरावात करावी.

९. एक शंका व तिचे उत्तर

‘नोंद केली तर जमिनीवर डाग लागेल, भाव पडेल, माल कोणी घेणार नाही,’ अशी भीती शेतकरी बोलून दाखवितात. ही भीती खोटी नाही. जागा दूषित ठरली म्हणजे तेथील वावरावर निर्बंध येतात आणि शुद्धीकरण होईपर्यंतचा काळ कठीण जातो. ग्रामकार्यकर्त्याने ही गोष्ट लपवू नये.

परंतु दुसरी बाजूही पाहावी. डाग नोंदीने लागत नाही, गाळाने लागतो. नोंद न केल्याने विष जागचे हलत नाही. ते शेजाऱ्याच्या विहिरीकडे चालू लागते. आज एका गटात असलेला डाग काही वर्षांत शिवारभर होतो. लव्ह कॅनॉल येथे जागेचा दोष खरेदीखतात लिहिलेला असूनही त्यावर शाळा उभी राहिली. मग कोठेच न लिहिलेल्या दोषाचे काय होईल? शिवाय नोंद नसेल, तर उद्या भरपाईचा दावा करताना पहिला प्रश्न हाच विचारला जाईल की, इतकी वर्षे आपण गप्प का होता?

१०. उपसंहार

शुद्धीकरणाचा खर्च प्रथम दोषी उद्योजकाने सोसावा. तो नाहीसा झाला असेल, तर सार्वजनिक निधीतून काम व्हावे. आणि तो सापडेल तेव्हा त्याच्याकडून व्याजासह वसुली व्हावी. हा क्रम न्यायाचाही आहे व व्यवहाराचाही. सार्वजनिक पैसा म्हणजे दोषी माणसास दिलेली माफी नव्हे. जमीन व पाणी यांना न्यायालयाच्या तारखांची वाट पाहता येत नाही, म्हणून समाजाने दिलेली ती उचल आहे.

बिछडीत एका वर्षाच्या उत्पादनाने जे बिघडले ते सुधारण्याच्या खर्चाचा वाद दोन दशकांहून अधिक काळ चालला. आपल्या शिवाराच्या कडेला एखादा कारखाना बंद पडत असेल, तर यंत्रे गाडीत चढण्यापूर्वी गाळाचा हिशेब मागणे, हे सर्वांत स्वस्त शुद्धीकरण होय. जेथे ती वेळ निघून गेली आहे, तेथे वही उघडावी व पहिली नोंद आजच करावी.

ग्रामसभेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावाच्या हद्दीत किंवा वरच्या अंगास बंद पडलेला कारखाना आहे काय? तेथे काय तयार होत असे?
२. त्या जागेवरून वाहणारे पावसाचे पाणी कोणत्या ओढ्यास व कोणत्या विहिरींकडे जाते?
३. तेथे काम केलेले कोण गावकरी हयात आहेत? त्यांची माहिती लिहून घेण्याचे काम कोण पत्करील?
४. शुद्धीकरणाचा खर्च व नुकसानभरपाई यांत फरक काय? प्रत्येकासाठी कोणते कागद लागतील?
५. चोपण जमीन सुधारण्याची रीत दूषित जमिनीस का लावू नये?